रडीचा डाव कोणाचा?

मराठी मुलाच्या कानी नीतीचा पहिला शब्द पडतो तो कीर्तनात नव्हे, अंगणात पडतो. लपंडावात बोटांच्या फटीतून पाहणारा, विटीदांडूत अंतर मोजताना दांडू चोरून पुढे सरकविणारा, हुतूतूत दम सोडून तो पुन्हा गुपचूप धरणारा, या सर्वांस आमची मुले एकाच शब्दाने हाक मारतात : रडी. रडीचा डाव हा डाव नव्हे, ही गोष्ट पाच वर्षांच्या पोरासही शिकवावी लागत नाही. परंतु त्याच अंगणाच्या कडेला, ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आणखी एक वचन त्याच्या कानी पडत असते. ते म्हणजे ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे’. पहिला शब्द न्याय शिकवितो, दुसरे वचन तो न्याय नासविते. या नासाडीविषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि ते गोड लागणार नाहीत, हे वाचकांस आधीच सांगून ठेवणे बरे.

निमित्त घरचेच घेतो. १८ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ज्यांची स्मृती मागे जाते त्यांना वाशीमहून नागपूरचा प्रवास म्हणजे काय होता हे ठाऊक आहे. तो समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यावर सोपा झाला. आणि त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहीत तोच, ९ फेब्रुवारी २०२३ रोजी, नागपूरनजीक जामठ्याच्या मैदानावर भारत व ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना सुरू झाला. पहिल्याच दिवशी एक लहानशी गोष्ट घडली. रवींद्र जडेजा याने मोहम्मद सिराजच्या हातावरून काहीतरी बोटाने टिपून घेतले व ते आपल्या डाव्या हाताच्या तर्जनीस चोळले. छायाचित्रयंत्राने ते टिपले. जडेजाने त्या डावात ४७ धावांत ५ गडी बाद केले होते. सबब ऑस्ट्रेलियात गलका उठला की चेंडूस काही लावले गेले. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे : बोट सुजले होते, लावले ते वेदनाशामक मलम होते, चेंडूची अवस्था त्याने बदलली नव्हती, परंतु मैदानावरील पंचांची परवानगी न घेता ते लावले गेले होते, आणि नियम परवानगी मागतो. सामन्याच्या मानधनातून २५ टक्के दंड व एक दोषांक, एवढी शिक्षा झाली. जडेजाने ती स्वीकारली. भारताने तिसऱ्याच दिवशी सामना एक डाव व १३२ धावांनी जिंकला.

प्रकरण इतकेच होते. पण त्या दोनतीन दिवसांत आमच्या पाटणी चौकातील पानठेल्यांपासून सुशिक्षित घरांतील बैठकींपर्यंत जे भाषण चालले, ते प्रकरणाहून फार मोठे होते. “हरणाऱ्यांची कुरकूर आहे!” “त्यांनी काय कमी केले आहे? घासकागद कोणी आणला होता?” “मलम लावायलाही आता गोऱ्यांची परवानगी घ्यायची काय?” नियम काय म्हणतो, हा प्रश्न ज्याने विचारला त्याच्याकडे लोकांनी असे पाहिले, की जणू त्याने घरातले वर्तमान शेजाऱ्यास नेऊन सांगितले.

आता याच मंडळींस सहा वर्षे मागे नेऊ. ७ मार्च २०१७, बंगळूर. सामना याच दोन संघांचा. आमच्या विदर्भाच्या उमेश यादवचा चेंडू खाली राहिला आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथ पायचीत झाला. पंचाच्या निर्णयावर फेरदाद मागावी की नाही हे खेळाडूने स्वतः, मैदानात ठरवावयाचे असते. स्मिथने मात्र आपल्या संघाच्या खोलीकडे दृष्टी टाकली व तेथून काही खूण होते काय हे पाहिले. पंचांनी त्यास अडविले. विराट कोहली संतापला. आमचा संघ तो सामना ७५ धावांनी जिंकला, तरी आमचा संताप विझला नाही. स्मिथ म्हणाला, आपली बुद्धी क्षणभर भ्रमली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कोणावरही कारवाई केली नाही. पण आम्ही त्याच दिवशी निकाल दिला होता : हे लबाड आहेत, यांचे रक्तच लबाड आहे.

पुढील वर्षी, २४ मार्च २०१८ रोजी, केप टाउन येथे बॅन्क्रॉफ्ट हा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू घासकागदाने चेंडू खरवडताना पकडला गेला, तेव्हा आमचा निकाल जणू शिक्कामोर्तब होऊन आला. येथे एक गोष्ट आमच्या लोकांनी पाहिली नाही, किंवा पाहूनही दृष्टिआड केली. स्मिथ व वॉर्नर यांना प्रत्येकी १२ महिने आणि बॅन्क्रॉफ्टला ९ महिने खेळापासून दूर ठेवले, ते परक्यांनी नव्हे. त्यांच्याच देशाच्या मंडळाने. आपल्या कर्णधारास आपणच घरी बसविणारा देश, आणि आपल्या खेळाडूवर एक दोषांक आला म्हणून चौकात दंड थोपटणारा देश, यांपैकी खेळाची चाड कोणास अधिक, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, हे दोन दिवसांचे वेड आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला? तर त्यांस आणखी मागे, २००१ च्या नोव्हेंबरात, दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथे नेतो. सचिन तेंडुलकर चेंडूच्या शिवणीवरून बोट फिरविताना दिसला. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्यास दंड केला व एका सामन्याची बंदी घालून ती स्थगित ठेवली. मूळ दोष एवढाच, की चेंडू साफ करावयाचा तर तो पंचांच्या देखत करावा, तसा केला नाही. डेनेस यांनी त्याच सामन्यात आणखी पाच भारतीय खेळाडूंस निरनिराळ्या कारणांसाठी शिक्षा केल्या. त्यांतील काही कठोर होत्या, आणि त्यांत पक्षपात होता असे म्हणावयास जागा होती, हे आम्हीही मान्य करतो. पण देशभर जे उठले ते या तारतम्याचे भाषण नव्हते. संसदेपर्यंत प्रकरण गेले. पुढील सामन्यास डेनेस नकोत असा हट्ट धरला गेला. अखेर सेंचुरियनचा तो सामना अधिकृत कसोटी म्हणून गणलाच गेला नाही. मुद्दा हा, की सचिनने पंचांस सांगितले होते काय, हा एका ओळीचा प्रश्न कोट्यवधी लोकांच्या त्या कोलाहलात कोणी विचारला नाही. बाब्यावर आळ आला होता; मग प्रश्न कसला?

*

आता हा विषय क्रिकेटापुरता नाही, आणि भारतापुरताही नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणाऱ्यास मागे बसलेला झेल घेणारा गडी बोटांनी खुणा करून सांगतो, की पुढील चेंडू कोणता टाकावा : वेगाचा, की वळणारा. ती खूण फलंदाजास कळली तर अर्धे काम झाले. आता मैदानात उभा असलेला प्रतिपक्षाचा धावक आपल्या दोन डोळ्यांनी ती खूण हेरू शकतो. त्यास कोणी चोर म्हणत नाही, चतुर म्हणतात. परंतु २०१७ साली ह्यूस्टन शहराच्या ॲस्ट्रोज संघाने मैदानाच्या मध्यभागामागे असलेल्या छायाचित्रयंत्राचे दृश्य आपल्या बैठकीजवळच्या पडद्यावर आणले, खुणांचा उलगडा केला, आणि फलंदाजास तो कळावा म्हणून जवळचा कचऱ्याचा डबा बडविला. डबा वाजला की चेंडू वळणारा. न वाजला की वेगाचा. त्या वर्षी तो संघ अजिंक्य ठरला.

२०१९ च्या नोव्हेंबरात ही गोष्ट फुटली. फोडली कोणी? त्याच अजिंक्य संघात खेळलेल्या माइक फायर्स नावाच्या गोलंदाजाने. १३ जानेवारी २०२० रोजी चौकशीचा निकाल लागला : ५० लक्ष डॉलर दंड, नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क जप्त, प्रशिक्षक व व्यवस्थापक यांना एक वर्षाची बंदी, संघाच्या मालकाने त्या दोघांस त्याच दिवशी कामावरून दूर केले. खेळाडूंनी साक्ष द्यावी म्हणून त्यांस अभय दिले होते, ते सुटले. अजिंक्यपदही काढून घेतले गेले नाही. आणि समर्थकांचे काय? ह्यूस्टनच्या कित्येकांनी तेच म्हटले जे आम्ही नागपूरच्या वेळी म्हटले : सगळेच करतात, आमचे पकडले गेले एवढेच. फायर्सला अनेकांनी चुगलखोर ठरविले.

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची गोष्ट याच जातीची. तेथील फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेवरून हातवारे व चित्रफलक यांनी खेळाडूंस आज्ञा पोचवितात. चालू सामन्यात समोरच्या संघाचे हातवारे डोळ्यांनी वाचणे नियमास मान्य आहे. पण पुढे ज्यांच्याशी गाठ पडावयाची त्यांच्या सामन्यास माणसे धाडून हेरगिरी करणे १९९४ पासून वर्ज्य आहे. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने तिकिटे काढून माणसे बसविली, त्यांनी दूरध्वनीवर चित्रण केले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात हे उघडकीस आले. प्रशिक्षक हार्बॉ यांना तीन सामने बाहेर बसावे लागले. तरी २०२४ च्या जानेवारीत संघ राष्ट्रीय विजेता झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अखेरचा निकाल लागला तेव्हा दंडाची रक्कम दोन कोटी डॉलरांहून अधिक होईल असा अंदाज होता. विजेतेपद मात्र अबाधित राहिले. मधल्या काळात मिशिगनचे व त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे समर्थक जे एकमेकांशी भांडले, त्या भांडणातील नावे बदलली तर ते वाशीमच्या कोणत्याही पानठेल्यावरचे भांडण शोभेल.

यावरून प्रथम एक भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. कारण तो न केल्यामुळेच निम्मा वितंडवाद होतो. खूण वाचणे हा गुन्हा नाही. फिरकी गोलंदाजाच्या मनगटाकडे पाहून गुगली ओळखणारा फलंदाज, चढाई करणाऱ्याच्या पावलावरून त्याचा बेत ताडणारा कबड्डीचा कोपरारक्षक, प्रतिमल्लाच्या खांद्याच्या हालचालीवरून पट काढणारा पैलवान, हे सर्व खुणाच वाचतात, आणि त्यालाच आम्ही नजर म्हणतो. मग चोरी कोठे सुरू होते? आमच्या मते तिची कसोटी सोपी आहे. जे करावयाचे ते समोरचा व पंच पाहत असताना तुम्ही कराल काय? करीत असाल तर ते कौशल्य. त्यांची पाठ फिरावी लागत असेल, यंत्र लपवावे लागत असेल, माणूस वेशांतर करून बसवावा लागत असेल, तर ती चोरी. नियमपुस्तक हे त्या कसोटीचे लेखी रूप आहे. त्याहून निराळे काही नाही.

ही कसोटी आपल्यावर लावली तर काय दिसते? जडेजाने मलम लावले ते भर मैदानात, छायाचित्रयंत्रासमोर. लपविण्याचा हेतू दिसत नाही. म्हणून त्यास चोर म्हणणे अन्यायाचे होते, आणि परवानगी न घेतल्याचा दंड होणे न्यायाचे होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पण आमच्या चौकात दोन्ही एका तोंडातून निघेनात. आता तीच कसोटी स्मिथला लावा. त्याने पंचांच्या समक्ष, हजारो प्रेक्षकांदेखत खोलीकडे पाहिले. वर्ज्य लाभ मिळविण्याचा तो यत्न होता, म्हणून त्याचा दोष जडेजाच्या दोषाहून निश्चित मोठा. पण कचऱ्याचा डबा बडविणाऱ्यांच्या पंक्तीस त्यास बसविता येत नाही. कटू वाटेल, पण न्याय असाच निघतो. जो माणूस जडेजाचे मलम तत्काळ विसरतो आणि स्मिथची ती दृष्टी जन्मभर विसरत नाही, त्याचे प्रेम खेळावर नाही; त्याचे प्रेम स्वतःवर आहे, आणि संघ हे त्या आत्मप्रेमाचे पांघरूण आहे.

*

अशा प्रसंगी जी तीन समर्थने हमखास पुढे येतात त्यांचा समाचार घेऊ.

पहिले समर्थन, ‘सगळेच करतात.’ हे वाक्य नीट ऐका. ते आरोप नाकारीत नाही. ते आरोपाची व्याप्ती वाढविते. आणि ज्याच्या तोंडी ते असते त्यास विचारा, सगळे म्हणजे कोण? मग कळते की या ‘सगळ्यां’ची गणना त्याने कधी केलेलीच नाही. शिवाय, सगळेच करीत असते तर यंत्र लपविण्याची व डबा बडविण्याची गरज काय होती? लपवालपवी हीच, काहीजण तरी तसे करीत नव्हते याची साक्ष आहे.

दुसरे समर्थन, ‘नियमात कोठे लिहिले आहे?’ १५ मे १९९९ रोजी इंग्लंडात होव्ह येथे विश्वचषकाच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात एक यंत्र घालून उतरला. त्यातून प्रशिक्षक बॉब वूल्मर त्याच्याशी बोलत होते. समोर संघ आमचा होता. नियमात तशी बंदी नव्हती, हे खरे. पण पंचांच्या लक्षात येताच ते यंत्र काढावे लागले. त्या दिवशी आम्हांस नियमाचे अक्षर पुरेसे वाटले नव्हते. आम्ही खेळाच्या मर्यादेच्या नावाने हाक मारली होती. मग मलमाच्या वेळी आम्ही अक्षर कसे विसरलो, आणि आमच्या सोयीची खेळपट्टी तयार होते तेव्हा अक्षरालाच कसे चिकटतो? २०१५ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना याच जामठ्यास तीन दिवसांत आटोपला आणि तेथील खेळपट्टीस आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘निकृष्ट’ असा शेरा दिला, हे आमच्यापैकी किती जणांस आठवते? अक्षर व मर्यादा ही दोन वजने आहेत. दोन्ही ठेवा, किंवा दोन्ही काढा. घेताना एक वजन व देताना दुसरे, हा व्यवहार बाजारात ज्यास आपण लुच्चेगिरी म्हणतो तोच आहे.

तिसरे समर्थन, ‘त्याने काय फरक पडला? आम्ही तसेही जिंकलोच असतो.’ हे सर्वांत मानभावी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाच्या माणसांनी न्यूझीलंडच्या सरावावर उडते यंत्र धाडून चित्रण केले. संघाचे ६ गुण कापले गेले, प्रशिक्षिकेस एका वर्षाची बंदी झाली. आणि नंतर काय झाले? त्या मुलींनी गटातील तिन्ही सामने जिंकले व गुण गमावूनही उपउपांत्य फेरी गाठली. म्हणजे जिंकण्याचे सामर्थ्य त्यांच्या पायांत होतेच! मग चोरीने त्यांस काय दिले? सहा गुणांची तूट, आणि प्रत्येक विजयापुढे एक प्रश्नचिन्ह. ‘तसेही जिंकलो असतो’ हे जर खरे असेल तर चोरी हा मूर्खपणा. खोटे असेल तर चोरी हीच चोरी. या दोहोंपैकी समर्थकाने आपल्या संघासाठी कोणते विशेषण पसंत करावे ते करावे.

प्रश्नचिन्ह किती दिवस टिकते तेही पाहा. १९५१ साली न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाने एका अविस्मरणीय फटक्यावर विजेतेपद मिळविले. पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, बाहेर आले की त्या हंगामात तो संघ आपल्या मैदानावर दुर्बीण लावून प्रतिपक्षाच्या खुणा वाचीत असे. ज्याने तो फटका मारला तो त्या वेळी वृद्ध झाला होता. त्या चेंडूची खूण त्यास कळली होती की नव्हती, हे त्याच्यावाचून कोण सांगणार? पण उरलेले आयुष्य त्यास तो प्रश्न ऐकावा लागला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ या तीन हंगामांत रणजी करंडक जिंकला. ज्या प्रांतास आपले नाव दिल्ली-मुंबईच्या कानी घालण्यास पिढ्या लागल्या, त्या आमच्या या तीन विजयांपैकी एकावर जरी पन्नास वर्षांनी असे चिन्ह उमटले तर आमच्या नातवांस काय वाटेल? विजय ज्यास प्रिय आहे त्याने प्रथम त्याच्या निष्कलंकतेचे पहारेकरी व्हावे.

*

येथे एक आक्षेप घ्यावासा वाटणे साहजिक आहे. समर्थक हा न्यायाधीश नव्हे. पक्षाभिमान हेच खेळाचे मीठ. ते काढले तर खेळ आळणी होईल. आम्हांस मान्य आहे. आमचा संघ हरला की आम्हांसही जेवण जात नाही. परंतु मीठ चिमूटभर असते म्हणून चव येते. जेव्हा खांदे टेकले की नाही हे पैलवान कोणत्या तालमीचा यावरून ठरू लागते, तेव्हा त्याचे पर्यवसान कशात होते, हे २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सर्वांनी पाहिले. शिवराज राक्षे व पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीच्या निकालावरून वाद पेटला. पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल राक्षे आणि अंतिम फेरीत हरलेला महेंद्र गायकवाड या दोघांस तीन वर्षांची बंदी झाली. पंचाचा निर्णय चुकीचा होता असे ज्यांस वाटते त्यांच्याशी आमचा वाद नाही. पंचही चुकतो, आणि फेरतपासणीची मागणी करणे हा हक्क आहे. परंतु त्यानंतर आठवडाभर महाराष्ट्रात लोक बोलत होते, त्यांत ‘निर्णय चुकला, आणि पंचावर हात टाकणेही चुकले’ असे दोन्ही म्हणणारा माणूस शोधावा लागत होता. एकाच वेळी दोन सत्ये सांभाळण्याची शक्ती जेव्हा समाजातून जाते, तेव्हा पंच होण्यास भला माणूस पुढे येत नाही. आणि पंचाविना खेळ हा खेळ राहत नाही, मारामारी होते.

आमच्या परंपरेत या विषयाचा एक विलक्षण दाखला आहे. भीम व दुर्योधन यांचे गदायुद्ध अटीतटीस आले असता अर्जुनाने भीमाच्या देखत आपल्या डाव्या मांडीवर थाप मारली. कीर्तनकार ती खूण श्रीकृष्णाकडून करवितात, एवढाच फरक. भीमास उमगले. नाभीच्या खाली प्रहार न करण्याचा गदायुद्धाचा नियम मोडून त्याने दुर्योधनाची मांडी फोडली. आम्ही लहानपणापासून ही कथा ऐकत आलो आणि दर वेळी आमच्या हाताची मूठ भीमाच्या बाजूने वळली. कारण भीम आमचा. पण व्यासांनी कथा तेथे संपविली नाही. त्यांनी त्याच रणावर बलरामास उभे केले. तो दोघांचा गुरू. दुर्योधनावर त्याचे प्रेम होते हे खरे, पण ज्याच्या सल्ल्याने हे घडले तो त्याचा भाऊ होता, आणि ज्याने ते केले तो त्याचा आतेभाऊ होता. आपल्याच माणसांविरुद्ध त्याने नांगर उगारला. श्रीकृष्णाने भीमाच्या प्रतिज्ञेची, द्रौपदीच्या विटंबनेची आठवण दिली. बलरामाचे समाधान झाले नाही. भीमास जग कपटयोद्धा म्हणून ओळखील, असे सांगून तो रथात बसला व द्वारकेस निघून गेला.

श्रीकृष्णाच्या निर्णयाची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. तेथे राज्य, प्रतिज्ञा व एका कुलस्त्रीची अब्रू पणाला लागली होती; युद्धाच्या नीतीचे प्रश्न निराळे आहेत. खेळात मात्र पणाला एक करंडक असतो, आणि त्यासाठी युद्धाची सबब पुढे करणारा माणूस खेळासही समजला नाही व युद्धासही. आम्हांस येथे सांगावयाचे ते एवढेच, की पांडवांची बाजू घेणाऱ्या ग्रंथाने बलरामाचा आक्षेप गाळला नाही. विजेत्यांच्या इतिहासात विजेत्यांवरील ठपका जपून ठेवला. एवढे मोठे मन ज्या ग्रंथाचे, त्याच्या वारसांनी एका दोषांकावरून आकाश डोक्यावर घ्यावे, हे शोभत नाही. ह्यूस्टनच्या त्या फायर्सला लोकांनी चुगलखोर म्हटले. आमच्या भाषेत त्यास योग्य शब्द आहे, तो बलराम.

*

आता शेवटचा प्रश्न : हे सर्व इतक्या गंभीरपणे का घ्यावयाचे? कारण चौकातील व बैठकीतील हे भाषण मुले ऐकत असतात. ज्या वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही जामठ्याच्या मलमावर वाद घातला, त्याच वर्षीच्या मार्चच्या ३ तारखेस आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा येथे, बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने फुटल्याचे प्रकरण उघडकीस आले. जिजाऊंचे जन्मस्थान ते! परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. दर वर्षी कॉपीमुक्तीचे अभियान निघते, भरारी पथके फिरतात, केंद्राभोवती बंदोबस्त बसतो. आणि तरीही खिडकीखाली उभे राहून खुणा करणारे नातलग ज्यांनी पाहिले नाहीत असा वाचक आमच्या जिल्ह्यात विरळा. त्या खुणा करणाऱ्यास विचारा. तो काय सांगेल? सगळेच करतात. कोठे लिहिले आहे की बाहेर उभे राहू नये? पोरगा तसाही पास झालाच असता. तीच तीन समर्थने, अक्षरशः तीच!

मुलाने ती कोणाकडून उचलली? पाठ्यपुस्तकातून खास नव्हे. ज्या वडिलांनी सामन्याच्या दिवशी आपल्या संघाच्या चुकीस हुशारी म्हटले व दुसऱ्याच्या चुकीस जात चिकटविली, त्यांच्याकडून उचलली. सचोटी ही शिकवणीच्या तासाला शिकता येत नाही. ती शिकावयाची वेळ येते ती आपला माणूस चुकतो तेव्हाच. कारण परक्याच्या चुकीवर बोट ठेवण्यास सचोटी लागतच नाही, नुसते बोट पुरते.

म्हणून सुशिक्षित घरांपुढे आमची मागणी लहान आहे, पण ती टाळण्यास जागा नाही. सोयाबीन घरात आले, दिवाळी सरली, की मानोरा-मंगरूळपीरपासून रिसोड-मालेगावपर्यंत गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की नाही, हे सर्वांत आधी त्याच्याच बाजूस रेषेवर उभ्या असलेल्या त्याच्या सोबत्यांस ऐकू येते. पंचाच्या कानी ते पडेलच असे नाही. त्या वेळी आपल्या गावचा एक तरी माणूस उठून म्हणो, ‘दम तुटला, गडी बाद.’ एक गुण जाईल. कदाचित सामनाही जाईल. पण कडेला मांडी घालून बसलेल्या पोरांपैकी एखादे ते ऐकेल, आणि पुढे परीक्षेच्या दिवशी खिडकीखालून खूण आली तर मान वर करणार नाही. अंगणातला तो जुना शब्द आमच्या मुलांस अजून ठाऊक आहे. तो आपल्याही घरातल्या बाब्यास लावण्याचे धैर्य मोठ्यांनी दाखविले, तर तो शब्द जिवंत राहील. नाही तर ‘आपला तो बाब्या’ ही म्हण तेवढी उरेल, आणि तिच्या आधाराने आमचीच पोरे एके दिवशी आम्हांस फसवितील. तेव्हा आम्ही कोणत्या पंचाकडे दाद मागावी?